औषध कुठं थांबायला हवं? औषधनिर्माणशास्त्राच्या मार्गदर्शक प्राध्यापकांना खुले पत्र

आदरणीय सर, आदरणीय मॅडम,

येत्या काही दिवसांत एम.फार्म.च्या तिसऱ्या सेमिस्टरची मुलं तुमच्या केबिनबाहेर उभी राहतील. हातात वही, मनात धाकधूक आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: "सर, टॉपिक कोणता घेऊ?" त्यातल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला त्वचेवर लावायचं लिपिड नॅनोकणांचं, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांचं, जेल येईल. एखादं बुरशीनाशक औषध, एक घट्ट स्निग्ध पदार्थ, एक तेल, ते पाण्यात मिसळायला ट्वीन ८०, कण बारीक करायला प्रोब सोनिकेटर आणि शेवटी जेल घट्ट करायला कार्बोपॉल. माझ्याही वाट्याला हेच आलं होतं. विषय उत्तम आहे. आजही माझ्या मनाच्या जवळचा आहे, आणि म्हणूनच हे पत्र लिहायला बसले. तो विषय मुलांना देताना सोबत आणखी काही प्रश्न द्या, एवढीच विनंती आहे. हे प्रश्न मला प्रयोगशाळेत सुचले नाहीत. अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेली बारा वर्षं माझं मेडिकल आहे. तिथं काउंटरमागं उभं राहून ते सुचले.

गेल्या वर्षी मे महिन्यात, भर दुपारी, शेतमजुरी करणाऱ्या एक मावशी आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी एक ट्यूब काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, हे औषध फाटलं काय व? दूध फाटते तसं दिसून रायलं." मी झाकण काढून ट्यूब दाबली. आधी पाण्याचा ओघळ आला आणि त्यामागून पांढरी कणी. बोटावर घेऊन चोळलं तर रवा चोळल्यासारखं लागलं. खोकं मावशींनी जपून आणलं होतं. त्यावर बारीक अक्षरात छापलं होतं: २५ अंश सेल्सिअसखाली साठवा.

"कुठं ठेवत होत्या मावशी?"

"टिनाखाली, फळीवर. अजून कुठं ठेवू माय? थंड जागा म्हंजे माठापाशी, तिथं लेकरं हात लावतात."

कमरेला, परकराच्या नाडीखाली, त्यांना कित्येक महिन्यांपासून गजकर्ण होतं. आधी कुणीतरी दिलेलं स्टिरॉइड मिसळलेलं मलम त्यांनी लावलं, तेव्हा चार दिवस खाज थांबली आणि मग चट्टा दुप्पट पसरला. नंतर डॉक्टरांनी हे नॅनो जेल लिहून दिलं. साध्या मलमाच्या दुपटीहून जास्त किंमत. एका दिवसाची मजुरी त्या एका ट्यूबमध्ये गेली होती. मी ट्यूब बदलून दिली आणि कंपनीला बॅच नंबर कळवला. उत्तर आलं नाही. पण त्या रात्री मी घरी जाऊन माझा स्वतःचा थिसिस काढला आणि स्थिरतेचं प्रकरण उघडलं.

माझं जेल टर्बिनाफिन या बुरशीनाशकाचं होतं. तीन महिने ४ अंशांवर, २५ अंशांवर आणि ४० अंशांवर ठेवलं होतं. ४० अंशांच्या रकान्यात कणांचा आकार प्रत्येक महिन्याला वाढत गेलेला दिसत होता. खाली मी एक वाक्य लिहिलं होतं: "सबब हे जेल थंड जागी साठवणे योग्य." त्या एका वाक्यावर मी ते प्रकरण संपवलं. व्हायवामध्येही त्यावर कुणी काही विचारलं नाही. मावशींच्या हातातली ट्यूब मी बनवलेली नव्हती. पण ते वाक्य आणि ती कणी यांचं नातं मला त्या रात्री स्पष्ट दिसलं.

हे पत्र औषधशास्त्राबाहेरचेही लोक वाचतील, म्हणून कण का बिघडतात ते आपल्या स्वयंपाकघरातूनच सांगते. तूप कढवून सावकाश थिजू दिलं की ते रवाळ होतं. दाणे तळाशी बसतात आणि वर पातळ तूप तरंगतं. स्निग्ध पदार्थाचे रेणू घाईने गोठले तर वेडेवाकडे बसतात. वेळ आणि ऊब मिळाली की ते नीट ओळीत लागतात. घन लिपिड नॅनोकणांत नेमकं हेच घडतं. तयार होताना रेणू विस्कळीत असतात, त्यामुळे मधल्या फटींत औषध मावतं. पुढे महिन्यांमागून महिने स्फटिक नीट होत जातो, फटी मिटतात आणि औषध बाहेर ढकललं जातं. बर्लिनमध्ये राइनर म्युलर यांच्या गटाने हे घन कण नावारूपाला आणले आणि याच अडचणीवर पुढचा उपायही काढला: घट्ट स्निग्ध पदार्थात थोडं तेल मिसळायचं, म्हणजे रेणूंना ओळ धरताच येत नाही आणि औषधाची जागा टिकते. नॅनोस्ट्रक्चर्ड लिपिड कॅरियर, म्हणजे आपले एनएलसी, ते हेच. आता विचार करा, मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या घरात त्याहूनही वर, आणि पहाटे तो पुन्हा खाली येतो. रोज तापायचं, रोज निवायचं. कॉम्प्रिटॉल (असे कण बनवताना वापरतात तो घट्ट स्निग्ध पदार्थ) सत्तर अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे ४५ ला ते वितळणार नाही, हे खरं. पण रेणूंना ओळीत लागायला वितळावं लागत नाही, ऊब पुरते. त्यातच कण एकमेकांना चिकटायला लागले की मावशींना जी कणी लागली ती तयार होते.

म्हणून पहिलं मागणं हे की स्थिरतेचा अभ्यास इन्क्युबेटरच्या तीन ठरलेल्या तापमानांवर थांबवू नका. एका ट्यूबला दिवसा ४५ आणि रात्री २८ असं चक्र लावा, साठ दिवस. ट्यूब खरी घ्या, ॲल्युमिनियमची किंवा लॅमिनेटची. काचेच्या व्हायलमध्ये ठेवलेलं जेल कुणीही बोटाने दाबत नाही. आणि कण वाढले तर तेच प्रबंधाचं मुख्य निष्कर्ष-प्रकरण होऊ द्या. ते का वाढले, कोणत्या तेलाने कमी वाढले, पोलोक्झामर (कण एकमेकांना चिकटू न देणारा पदार्थ) बदलल्यावर काय झालं, यावर मुलाने पन्नास पानं लिहिली तर त्याच्या गुणांना धक्का लागू देऊ नका. २०० नॅनोमीटरच्या आतला आकार, ऐंशी-नव्वद टक्के एन्ट्रॅपमेंट (कणांत मावलेलं औषध) आणि देखणा झीटा पोटेन्शियल (कणांवरच्या विद्युतभाराचं माप) एवढ्यावर मार्क मिळतात हे मुलांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. मलाही होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती समजायला मला बारा वर्षं लागली.

त्वचेचा सर्वांत वरचा थर, ज्याला आपण शृंगस्तर म्हणतो, तो जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाड असतो. साध्या कागदाचे पाच-दहा पापुद्रे काढले तर एक पापुद्रा जेवढा होईल, तेवढा. पण रचना भिंतीची: मेलेल्या पेशींच्या विटा आणि मधे सेरामाईड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिडचा गारा. ५०० डाल्टनपेक्षा (रेणूच्या वजनाचं एकक) जड रेणू या भिंतीतून सहसा जात नाही. टर्बिनाफिन २९१ चं आहे, ॲम्फोटेरिसिन-बी हे दुसरं बुरशीनाशक ९२४ चं. म्हणूनच लिपिड कणांची सगळी आशा. गाऱ्याशी जुळणारा पदार्थ गाऱ्यात मिसळेल, त्वचेवर पातळ पापुद्रा धरून ओलावा कोंडेल आणि भिंत थोडी सैल करेल.

माझ्या थिसिसमध्ये सर्वांत सुंदर आलेख फ्रान्झ सेलचा होता. वर उंदराची त्वचा, खाली बफर म्हणजे ठरावीक आम्लतेचं द्रावण, आणि २४ तासांत खालच्या बफरमध्ये किती औषध उतरलं ते. साध्या मलमापेक्षा माझी रेघ उंच गेली आणि मी हरखून गेले. पण गजकर्णाची बुरशी राहते कुठे? शृंगस्तरातच. ती केराटिनवर जगते, त्याच विटा खाते. म्हणजे जे औषध त्वचा ओलांडून बफरमध्ये उतरलं ते बुरशीच्या दृष्टीने वाया गेलं. मला हवं होतं त्वचेत अडकून राहिलेलं औषध, आणि ते मी मोजलंच नव्हतं. त्वचा धुऊन कचऱ्यात टाकली होती.

खरं तर ही गोष्ट या शास्त्राच्या जन्मापासून लिहून ठेवलेली आहे. केंब्रिजजवळच्या बाब्राहममध्ये ॲलेक बॅंगहॅम यांनी १९६० च्या दशकात लेसिथिनचे ते पाण्यातले बारीक फुगे पाहिले, ज्यांना आपण लायपोसोम म्हणतो. त्वचेसाठी त्यांचा पहिला ठळक उपयोग कॅनडात, हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठातल्या मेझेई आणि गुलसेखरम यांनी १९८० मध्ये दाखवला. सशाच्या त्वचेवर ट्रायॲम्सिनोलोन हे स्टिरॉइड लावलं, एकदा साध्या रूपात आणि एकदा लायपोसोममध्ये. लायपोसोमचं औषध त्वचेत कित्येक पट जास्त साठलं आणि शरीरात आत कमी गेलं. त्यांचा आनंद औषध पार गेलं याचा नव्हता, ते थांबलं याचा होता. अखंड लायपोसोम त्वचा भेदून रक्तात जातो ही समजूत आजही आपल्या वर्गात फिरते, जाहिरातीत तर सर्रास. बहुतेक पुरावा सांगतो की तो वरच्या थरातच फुटतो आणि आपला माल तिथंच उतरवतो. गजकर्णासाठी याहून चांगलं काय असणार?

म्हणून विषय देताना मुलाला पहिला प्रश्न हा विचारा: तुझं औषध कुठं थांबायला हवं? बुरशीसाठी शृंगस्तरात. मुरमांसाठी केसांच्या मुळाशी, जिथं कणांचा आकार खरोखर कामाला येतो, कारण काही शे नॅनोमीटरचे कण केसाच्या हालचालीबरोबर आत सरकतात. गुडघेदुखीच्या जेलसाठी पार खाली. उत्तर बदललं की कणही बदलायला हवा. सगळ्यांना एकच १८० नॅनोमीटरचा कण आणि एकच फ्रान्झ सेल लावून भागणार नाही.

मोजायला फार महागडं काही लागत नाही. चिकटपट्टीने त्वचेचा थर एकावर एक पंधरा-वीस वेळा उचलायचा आणि प्रत्येक पट्टीतलं औषध एचपीएलसी या मोजणी-यंत्रावर काढायचं. पट्टी क्रमांक दोनमध्ये किती, पट्टी क्रमांक बारामध्ये किती, यावरून औषधाचा मुक्काम कुठं पडला ते कळतं. आधी डुकराच्या कानाच्या त्वचेवर करा, ती माणसाच्या त्वचेच्या बरीच जवळची आहे. उंदराची त्वचा पातळ, केसाळ आणि सैल असते, तिच्यातून सगळंच जास्त जातं आणि मुलाला खोटा हुरूप येतो. नंतर, नैतिकता समितीची परवानगी घेऊन, मोजक्या स्वयंसेवकांच्या हातावर. पट्टी काढताना जरा चुरचुरतं, तेवढंच.

आणि एक प्रयोग जो मी कुठल्याच थिसिसमध्ये पाहिला नाही: घामाचा. आमच्याकडची बुरशी कमरेला, जांघेत, छातीखाली होते. दिवसभर तुरीच्या नाहीतर कपाशीच्या ओळीत वाकलेल्या बाईच्या कमरेवर कार्बोपॉलचं जेल किती वेळ टिकतं? घामातलं मीठ लागलं की कार्बोपॉल पातळ होतं हे आपण दुसऱ्या वर्षात शिकतो. मग घामाच्या ताकदीचं मिठाचं पाणी शिंपडून जेलचं काय होतं ते बघायला हवं की नको? इथोसोमचा, म्हणजे अल्कोहोल घातलेल्या लायपोसोमचा, विषय असेल तर आणखी एक. त्यात वीस टक्क्यांपासून चाळीसच्या वर अल्कोहोल असतं. खाजवून सोललेल्या कातडीवर ते लावल्यावर रुग्ण दुसऱ्यांदा लावेल का? उंदीर तक्रार करत नाही. माझ्या काउंटरवर लोक अर्धी ट्यूब परत आणतात.

तिसरी विनंती तुलनेची. रिकाम्या कणांशी तुलना करायला लावा. हे माझं म्हणणं किटोप्रोफेन या वेदनाशामकाच्या गोष्टीवर आधारलेलं आहे. ट्रान्स्फरसोम नावाचे लवचीक लायपोसोम घेऊन त्यात किटोप्रोफेन भरलं आणि गुडघ्याच्या संधिवातासाठी मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला औषध भरलेलं जेल, एकाला तेच जेल औषधाविना, एकाला तोंडावाटे सेलेकोक्सिब हे वेदनाशामक, एकाला तोंडावाटे नुसती खोटी गोळी. औषध भरलेलं जेल खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं. पण बिनऔषधाचं रिकामं जेलही तितकंच सरस ठरलं! किटोप्रोफेन घातल्याने काही जास्त मिळालं नाही. तो रिकामा गट ठेवला नसता तर सगळं श्रेय औषधाला गेलं असतं. आपल्या थिसिसमध्ये तुलना होते ती बाजारातल्या मलमाशी. आधार वेगळा, ओलावा धरण्याची ताकद वेगळी, आणि फरकाचं श्रेय मात्र नॅनोला. औषध भरलेलं एनएलसी, रिकामं एनएलसी आणि त्याच घटकांचं मोठ्या कणांचं साधं मलम, हे तिन्ही शेजारी ठेवले तर खरं काय ते कळेल. काम वाढेल हे मान्य. पण तिन्ही एकाच आठवड्यात बनतात.

आपल्याकडे हे होत नाही असं मी म्हणणार नाही, कारण झालेलं आहे. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी लायपोसोममधलं ॲम्फोटेरिसिन-बी प्रयोगशाळेपासून रुग्णाच्या खाटेपर्यंत नेलं. ते शिरेतून द्यायचं होतं, पण लिपिडचं काम इथं पूर्णत्वाला जातं हे त्यातून दिसलं. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठात डिथ्रानॉलवर काम झालं. सोरायसिसचं हे जुनं, गुणी औषध, पण कातडी जाळतं आणि कपड्यांना न निघणारे डाग पाडतं. लायपोसोममध्ये घातल्यावर जळजळ आणि डाग दोन्ही कमी झाले. बघा, प्रश्न कुठून आला: रुग्णाच्या चादरीवरून. आणि पुण्याच्या जेनोव्हाची एमआरएनए लस तर अलीकडची. लिपिड कणांच्या अशा लशी उणे तापमानात ठेवाव्या लागत असताना तिथल्या लोकांनी ती वाळवून साध्या फ्रिजच्या २ ते ८ अंशांवर टिकेल अशी केली. २०२२ मध्ये तिला आपत्कालीन मंजुरी मिळाली. साठवण कुठं होणार, हा प्रश्न त्यांनी सुरुवातीलाच घेतला होता. २०१९ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वंही काढली आहेत. सिनॉप्सिस लिहिण्याआधी मुलांकडून ती एकदा वाचून घ्या.

हे सगळं आत्ताच का, असं वाटेल. कारण गजकर्ण आता पूर्वीचं राहिलेलं नाही. ट्रायकोफायटन इंडोटिनी, नावातच आपला देश असलेली ही बुरशी, टर्बिनाफिनला दाद देईनाशी झाली आहे. २०१८ मध्ये स्टिरॉइडची चौदा मलमं अनुसूची एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या यादीत, आली, तरी लोक अजून चिठ्ठीविना मागायला येतात. तोंडावाटे द्यायच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालतात, यकृताच्या तपासण्या होतात, न परवडून अर्ध्यात सुटतात. औषध जर खरोखर शृंगस्तरात चार दिवस बसून राहिलं तर दिवसातून दोनदा लावायची गरज उरणार नाही, आणि शेतावर जाणारी बाई उपचार पूर्ण करेल. लिपिड कणांकडून मला ही आशा आहे. मनापासून आहे.

माझ्या थिसिससाठी शुद्ध लेसिथिनची बाटली जर्मनीहून आली होती. सहा हजार किलोमीटरच्याही पलीकडून. आतला पदार्थ सोयाबीनचा, जो माझ्या मेडिकलच्या मागच्या शेतात उभा होता. ते काढायचं तंत्र इथं का नसावं, हाही एखाद्या हुशार मुलाचा विषय होऊ शकेल. पण ते वेगळं पत्र.

एप्रिलपासून मी एक वही ठेवली आहे. दुकानातल्या रॅकवर एक किमान-कमाल तापमापक, आणि दुसरा मावशींच्या घरी, टिनाखालच्या त्याच फळीवर, त्यांच्या परवानगीने. रोज सकाळी नऊला दोन्हींचे आकडे लिहिते. घरचे आकडे मावशींची नात, आठवीतली पोरगी, चिठ्ठीवर लिहून पाठवते. पावसाळा आणि हिवाळाही त्यात येईल. ही वही ज्यांना हवी त्यांच्यासाठी आहे. तुमच्या विद्यार्थ्याने बनवलेल्या ट्यूब माझ्या रॅकवर ठेवायला दोन खण रिकामे केले आहेत, आणि मावशींनी फळीचा एक कोपरा देऊ केला आहे. मुलांना पाठवा. एसटी स्टँडपासून दुकान पाच मिनिटांवर आहे, दुपारी एक ते चार बंद असतं, तेवढं सांगून ठेवा.

आपली विद्यार्थिनी,
एक औषधविक्रेती, अकोला जिल्हा